कबर किती वर्षांची, नाव किती वर्षांचं?

मुंबई, ठाणे आणि वसईच्या धर्मग्रामांत, म्हणजे कॅथलिक पॅरिशांत, एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे आणि नोव्हेंबर, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा महिना, जवळ आला की त्याला जोर चढतो. कबरस्तानात जागा उरलेली नाही. मग घराण्याच्या नावावर कायमच्या घेतलेल्या कबरी, ज्यांना सगळे ‘पर्मनंट’ म्हणतात, त्या तशाच चालू ठेवायच्या की नाही? एक बाजू हिशेब मांडते: जमीन एवढी, वर्षाला मयत एवढे, तेव्हा मेलेल्यांपेक्षा जिवंतांचा विचार करा. दुसरी बाजू म्हणते, आम्ही पैसे मोजलेत, आमच्या आजोबांची हाडं तिथं आहेत, हात लावून दाखवा. मला वाटतं, दोघंही मूळ प्रश्नाला बगल देताहेत. ख्रिस्ती समाज एखाद्याला मातीत ठेवतो तेव्हा त्या माणसाविषयी तो नेमकं काय म्हणत असतो, याचा विचार न करता चौरस फुटांवर आणि पावत्यांवर भांडून काय मिळणार? माझं म्हणणं सरळ आहे. जिथं जागा अपुरी आहे तिथं कोणाचीही कबर कायमची नसावी, आणि कोणाचंही नाव तात्पुरतं नसावं. पहिल्या गोष्टीला पुष्कळ लोक आज ना उद्या तयार होतील. दुसरीचा भार उचलायला मात्र कोणी पुढं येत नाही, आणि माझा भर दुसरीवरच आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू विचारतो, दोन चिमण्या एका दमडीला विकत नाहीत काय? लूकच्या शुभवर्तमानात तोच भाव पाच चिमण्या दोन दमड्यांना असा येतो. रोज बाजार करणाऱ्या बाईला यातली मेख लगेच कळेल: दोन दमड्यांना चार, आणि पाचवी वर घातलेली, फुकट. लूक पुढं लिहितो की त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडलेला नाही. म्हणजे बाजारात जिची किंमतच लागली नाही, तीसुद्धा देवाच्या आठवणीत आहे. याच लूकने श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दाखला दिला आहे. येशूच्या दाखल्यांतल्या माणसांना नावं नसतात. पेरणारा, मेंढपाळ, जकातदार, धाकटा मुलगा, सगळे बिननावाचे. नाव मिळालं ते दारात पडलेल्या, अंगभर फोड आलेल्या भिकाऱ्याला. त्याच्या मृत्यूचं वाक्यही नीट वाचावं. श्रीमंत मेला आणि पुरला गेला, असं लूक लिहितो. लाजर मेला आणि देवदूतांनी त्याला नेलं, एवढंच. लाजराच्या दफनाचा उल्लेखच नाही. ज्याला कबर होती त्याचं नाव राहिलं नाही आणि ज्याचं नाव राहिलं त्याच्या कबरीचा पत्ता नाही. आणि येशूच्या शेजारी क्रुसावर लटकलेला गुन्हेगार मरता मरता काय मागतो? माझी आठवण ठेव, एवढंच. क्रुसावर मेलेल्यांना रोमी अमलात बहुधा धड कबरही मिळत नसे. देहाचं पुढं काय होणार हे त्याला ठाऊक असणारच.

यातून निघणारी गोष्ट मोठ्या दिलाशाची आहे: माणसाची किंमत आपल्या आठवणीवर अवलंबून नाही. आपण सगळे विसरलो तरी तो माणूस देवाच्या लेखी जेवढ्याचा तेवढाच राहतो. यशया संदेष्ट्याच्या तोंडून देव सांगतो की आई एक वेळ तान्ह्या बाळाला विसरेल, मी विसरणार नाही. मी तुला माझ्या तळहातावर कोरून ठेवलंय. मग आपण आठवण कशाला ठेवायची? कारण आपली आठवण ही देवाच्या आठवणीला दिलेली कबुली आहे. रविवारी आपण म्हणायचं की प्रत्येक जीव देवाला सारखाच मोलाचा, आणि सोमवारी कबरस्तानात ज्याने रक्कम भरली त्याला कायमची जागा नि ज्याने नाही भरली त्याला काही वर्षांची, असं वागायचं, तर कबुली कसली? आपली कृतीच आपल्या श्रद्धेला खोटं पाडते.

हा वाद आजचा नाही. इ. स. ३८७ मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मोनिका आजारी पडली. उत्तर आफ्रिकेतल्या आपल्या गावी, नवऱ्याशेजारी पुरलं जावं ही तिची जन्माची इच्छा. जागाही तिने आधीच तयार करून ठेवलेली. मुलं काळजीत पडली, की परक्या मुलखात आईचं कसं करायचं. तिने सांगितलं, हा देह कुठंही ठेवा, त्याची चिंता करू नका. एकच मागणं आहे, तुम्ही कुठंही असा, प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. तिचा मुलगा ऑगस्टीन पुढं बिशप झाला. मोनिकाच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी नोला शहराचा बिशप पावलिनुस याने त्याला विचारलं, की हुतात्म्याच्या स्मारकाजवळ पुरल्याने मृताला काही लाभ होतो का? ऑगस्टीनने उत्तर दिलं की अंत्यविधीचा थाट, कबरीची जागा, हा सगळा जिवंतांना दिलासा आहे. मृताला उपयोग होतो तो प्रार्थनेचा. ‘पर्मनंट’च्या बाजूने परंपरेचा दाखला देणाऱ्यांनी ही परंपरा जरूर वाचावी.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणं. ते हलकं नाही. दुःखाला जागा लागते. २ नोव्हेंबरच्या संध्याकाळी कुठल्याही कबरस्तानात उभं राहा. मुली, सुना बादलीभर पाणी आणून संगमरवर घासून धुताहेत, अक्षरांच्या खाचांत अडकलेलं शेवाळ कुणी काडीने काढतंय, झेंडूच्या पाकळ्यांचा क्रूस मांडला जातोय, वारा मेणबत्त्या टिकू देत नाही म्हणून कापलेल्या बाटल्यांचा आडोसा केलाय. लहान पोरांना पणजीचं नाव वाचून दाखवलं जातं. याला नुसती भावना म्हणून झटकून टाकणाऱ्याने कधी घरातलं माणूस गमावलेलं नसावं. पण त्याच संध्याकाळी चार पावलं पलीकडं बघा. तिथं मातीचे उंचवटे आहेत, लाकडी क्रूस आहेत, त्यांवर रंगाने काढलेलं नाव आणि नंबर. काही वर्षांनी ती जागा पुन्हा खणली जाईल, हाडं कबरस्तानातल्या सामायिक विहिरीत जातील, लाकडी क्रूस मोडेल. त्या क्रुसापाशी उभ्या असलेल्या बाईच्या दुःखाला जागा नको का? दुःखाला जागा लागते हे खरं असेल, तर ते सगळ्यांच्या बाबतीत खरं असायला हवं. कायमच्या कबरीच्या समर्थनासाठी दुःखाचा आधार घेतला की तो आधार नकळत तात्पुरत्या कबरीवाल्यांच्या बाजूला जातो. एका घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या जागा द्यायची म्हणजे बाकीच्यांची मुदत तेवढी कमी करायची. जमीन काही वाढत नाही.

दुसरा मुद्दा अधिक खोल आहे. ख्रिस्ती श्रद्धा आत्म्यापुरती नाही. आम्ही देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो. देह हा पवित्र आत्म्याचं मंदिर होता, तेव्हा जागेची अडचण म्हणून त्याची विल्हेवाट लावण्याची भाषा आम्हाला बोचते, आणि बोचायलाच हवी. ऑगस्टीननेही म्हटलंय की वडिलांची अंगठी, वडिलांचा कपडा आपण जपतो, मग ज्या देहात ते राहिले त्याचा अनादर कसा करायचा? कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली, पण दफनच श्रेयस्कर मानलं. २०१६ मध्ये व्हॅटिकनने पुन्हा बजावलं, की रक्षा समुद्रात किंवा वाऱ्यावर सोडू नये, घरात बरणीत ठेवू नये, वाटून घेऊ नये. ती पवित्र ठिकाणी असावी. काही जण हाच दाखला ‘पर्मनंट’साठी देतात. पण त्या सूचनेमागची कारणं वाचली का? मृत व्यक्ती सगळ्या समाजाच्या प्रार्थनेतून आणि आठवणीतून वगळली जाऊ नये, आणि जवळची पिढी गेल्यावर ती विस्मरणात जाऊ नये. घरात ठेवलेली रक्षा ही एका कुटुंबाची खाजगी वस्तू होते, हीच तर चर्चची तक्रार आहे. मग कुलूप लावलेली, कुंपण घातलेली घराण्याची कबर या तक्रारीतून कशी सुटते?

डिसेंबर २०२३ मध्ये तर याहून स्पष्ट उत्तर आलं. बोलोन्याचे कार्डिनल झुप्पी यांनी विचारलं होतं, की अनेकांची रक्षा एकाच सामायिक ठिकाणी एकत्र ठेवता येईल का? जागेचा प्रश्न तिथंही आहेच. रोमने होकार दिला, एका अटीवर: प्रत्येकाची ओळख तिथं नोंदलेली असली पाहिजे, नावांची आठवण पुसली जाता कामा नये. रक्षा मिसळली तरी चालेल, नाव मिसळून चालणार नाही. माझ्या मताला याहून भक्कम आधार मी शोधणार नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला यात काही परकंही वाटू नये. १९१९ साली मुंबईत वारलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या देहाचं त्यांच्याच इच्छेनुसार दहन झालं. त्यांचं नाव आणि त्यांची भजनं मराठी उपासनेत आजही तोंडपाठ आहेत.

पैसे मोजले, पूर्वजांनी चर्चला जमीन दिली, हा तिसरा मुद्दा. दिलेला शब्द पाळावा, हे मला मान्य आहे. जुन्या करारांवर बुलडोझर फिरवा असं मी म्हणत नाही. नव्या विकू नका, आणि ज्या कबरीला वाली उरलेला नाही ती धर्मग्रामाकडे परत येऊ द्या. पण पैशाने आठवण विकत मिळते ही समजूत वसईच्या माणसाने तरी बाळगू नये. किल्ल्यात जा. पडक्या चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज सरदारांची थडगी आहेत, दगडात कोरलेली घराण्याची चिन्हं आहेत. वेदीच्या जवळात जवळ जागा मिळावी म्हणून त्यांनी त्या काळी जे मोजायचं ते मोजलं असणार. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, छपरं कोसळली. आज त्या दगडांवर गवत वाढतं आणि सहलीची माणसं बसतात. जुन्या गोव्यात असिसीकर संत फ्रान्सिसच्या चर्चची जमीनच अशा शिळांची आहे. लोक माना वर करून छत बघत त्यांवरून चालत जातात. उलट, वसईच्या ख्रिस्ती समाजाला सर्वांत जिव्हाळ्याचं जे नाव, त्या गोन्सालो गार्सियाची वसईत कबरच नाही. तो १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला. १८६२ मध्ये संत झाला. चारशे वर्षांहून जास्त काळ हे नाव टिकलं ते दगडामुळे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी ते उच्चारलं म्हणून. कुणी म्हणेल, तो संत होता, सामान्यांना कोण उच्चारणार? बरोबर. म्हणूनच तर इ. स. ९९८ च्या सुमारास फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचा प्रमुख ओडिलो याने संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या मृतांचा दिवस सुरू केला. संतांना दिवस होते. ज्यांना कोणताच दिवस नव्हता त्यांच्यासाठी हा.

सर्वांत अवघड मुद्दा भीतीचा आहे, आणि ती भीती खरी आहे. मार्च २०२० मध्ये मुंबई महापालिकेने कोविडने मेलेल्या सर्वांचं, धर्म कोणताही असो, दहनच करण्याचा आदेश काढला. तो त्याच दिवशी बदलावा लागला. पुढं वांद्र्याच्या कबरस्तानांतल्या दफनाला विरोध करणाऱ्यांचं म्हणणं मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात फेटाळलं आणि सन्मानाने दफन हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये छत्तीसगडच्या छिंदवाडा गावात एका पास्टरचा देह वीस दिवस शवागारात पडून राहिला. गावात पुरू देणार नाही, असं गावकऱ्यांनी म्हटलं. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली आणि शेवटी वीस-पंचवीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या गावातल्या दफनभूमीत दफनाचा आदेश निघाला. अशा दिवसांत आपल्याच हाताने आपल्या कबरी कशाला कमी करायच्या? एक इंच सोडला की दुसरा जाईल. ही भीती बोलून दाखवणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. पण जरा विचार करा, त्या मुलाने न्यायालयात काय मागितलं? संगमरवर नव्हे, कायमचा मालकी हक्क नव्हे. आपला बाप हाही या गावचा माणूस होता, एवढं मान्य करा, हे त्याचं मागणं. आपली बाजू टिकते ती याच तत्त्वावर, की प्रत्येक देहाला सारखा मान. जे कबरस्तान आतल्या आत पैशावर दोन वर्ग पाडतं, ते बाहेर जाऊन समानतेचा दावा कोणत्या तोंडाने करणार? आणि व्यवहारही हेच सांगतो. कायमच्या कबरींनी भरलेलं कबरस्तान एक दिवस ‘फुल्ल’ होतं आणि मग गरिबाचा देह घेऊन दुसऱ्या गावाला जावं लागतं. फिरती जागा संपत नाही. जमीन राखायची असेल तर ती वापरात ठेवणं हाच उपाय आहे.

या सगळ्याला एक मोठा नमुना उपलब्ध आहे. पहिल्या महायुद्धात लाखो मेले तेव्हा ब्रिटिशांनी १९१७ मध्ये युद्धकबरींसाठी आयोग नेमला. अधिकारी असो की साधा शिपाई, सगळ्यांना सारखाच दगड, आणि कुणीही पैशाच्या बळावर देह घरी नेणार नाही, असा नियम झाला. घरंदाज कुटुंबं खवळली; १९२० मध्ये संसदेत कडाक्याची चर्चा झाली; नियम टिकला. पुण्यात खडकीला या आयोगाचं स्मारक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात इथं मेलेल्या १,८०० हून अधिक सैनिकांची नावं त्यावर आहेत. त्यांच्या कबरी ठिकठिकाणच्या नागरी आणि छावण्यांच्या कबरस्तानांत होत्या आणि त्यांची निगा राखणं शक्य उरलं नाही. म्हणजे कबर राखता आली नाही तरी नाव राखता येतं, याचा पुरावा आपल्या दाराशी उभा आहे. पण याच आयोगाने हात आखडलाही. २०२१ मध्ये त्याच्याच चौकशी अहवालाने कबूल केलं, की किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत माणसांची, यांत आफ्रिकी आणि इजिप्शियन लोक मोठ्या संख्येने होते, नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही. भारतीयांसह आणखी हजारोंच्या वाट्याला असमान स्मरण आलं. दगडाची समानता पाळली, पण ती कोणाकोणाला लागू करायची हे ठरवताना माणसामाणसांत फरक केला. सगळे सारखे असं म्हणणं सोपं. एकेक नाव वहीत उतरवणं कष्टाचं, आणि गरिबाच्या नावापाशीच ते कष्ट थांबतात.

म्हणून माझा आग्रह वहीचा आहे. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने प्रत्येक धर्मगुरूला मृतांची नोंदवही ठेवायला सांगितली, ती आपल्या प्रत्येक धर्मग्रामात आहे: नाव, वय, मृत्यूची तारीख, दफनाची तारीख, धर्मगुरूची सही. पण ती ऑफिसच्या कपाटात बंद. वेदीवरून नाव घेतलं जातं ते ज्यांच्या घरच्यांनी पैसे देऊन मिस्सा, म्हणजे वेदीवरची उपासना, ठेवली त्यांचं. कॅनन लॉमध्येच, म्हणजे चर्चच्या कायद्यातच, शिफारस आहे की गरजूंसाठी धर्मगुरूने काही न घेताही मिस्सा करावी. पण ज्याच्या मागे विचारायलाही कोणी नाही त्याचं काय? अविवाहित आत्या, मूल नसलेलं जोडपं, परराज्यातून घरकामाला आलेली मुलगी. मूलबाळ नसलेल्यांना मुलामुलींपेक्षाही श्रेष्ठ नाव देईन, असं वचन यशयाच्या ग्रंथात आहे. ते वचन देवाचं असलं तरी इथं उच्चारायचं कोणी? रोममध्ये १९८३ च्या जानेवारीत मोदेस्ता नावाची रस्त्यावर राहणारी म्हातारी टर्मिनी स्टेशनजवळ आजारी पडली. अंगावर उवा होत्या, घाण होती, म्हणून रुग्णवाहिकेने तिला घेतलं नाही, आणि ती तिथंच मेली. सान्त एजिदियो या तिथल्या कॅथलिक समाजाच्या लोकांनी तेव्हापासून दर वर्षी तिच्यासाठी आणि रस्त्यावर मेलेल्या इतरांसाठी, एकेकाचं नाव घेऊन, प्रार्थना चालू ठेवली आहे. आमच्या प्रोटेस्टंट बांधवांना मृतांसाठी प्रार्थना पटत नाही, हे मला ठाऊक आहे. नाव घेऊन देवाचे आभार मानायला मात्र कोणाचीच हरकत नसावी.

आणि बायबलमध्ये देवाची आठवण कधी नुसती मनात राहत नाही. देवाने नोहाची आठवण केली आणि पाणी ओसरू लागलं. हन्नाची आठवण केली आणि तिची कूस उजवली. आठवणीमागून काही तरी घडतं. आज वसईच्या कितीतरी घरांत मुलं आखातात, कॅनडात आणि घरी एकटी आई असते. ती गेल्यावर तिच्यासाठी काळ्या ग्रॅनाइटची कबर बांधायला लाखाच्या घरात खर्च होतो. त्या पैशात तिच्या शेवटच्या दोन वर्षांत सोबतीला माणूस ठेवता आलं नसतं का? हे कठोर वाटेल, पण कबरींचा वाद घालताना हा प्रश्न बाजूला ठेवला जातो आणि मला तो ठेवू द्यायचा नाही.

नावं वाचण्याविषयी एक हरकत हमखास येते: एवढी नावं वाचणार कधी? मध्ययुगीन मठांनी हे सोडवून ठेवलंय. त्यांच्या मृतांच्या वह्या वर्षावार नव्हे, दिवसावार असत. ज्या तारखेला माणूस गेला त्या तारखेखाली नाव, आणि त्या दिवशी ते वाचायचं. समजा एखाद्या धर्मग्रामात वर्षाला शंभर मयत होतात. पन्नास वर्षांची पाच हजार नावं झाली. ती तारखांवर वाटली तर रोजच्या मिस्सेला तेरा-चौदा येतात. दोन मिनिटांचं काम आहे. या वर्षीच्या पॅरिश कौन्सिलच्या सभेत कबरीचे दर ठरवण्याआधी हा विषय घ्यावा, आणि नोंदवही कपाटातून काढून तारखांप्रमाणे उतरवून घेण्याचं काम दहावी-बारावीच्या मुलांकडे द्यावं.